ठेका कुणाचा, मालकी कुणाची?

लंडनच्या जमिरोक्वाय या बँडचा तिसरा स्टुडिओ अल्बम, 'ट्रॅव्हलिंग विदाऊट मूव्हिंग', सप्टेंबर १९९६मध्ये बाजारात आला. ॲसिड जॅझच्या, म्हणजे जॅझ, फंक आणि क्लबातलं नृत्यसंगीत यांच्या मिश्रणाच्या, मुशीतून निघालेल्या बँडांपैकी इतकं यश दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं नाही. जगभरात ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या, सर्वाधिक खपाचा फंक (ठेक्यावर उभं असलेलं अमेरिकी नृत्यसंगीत) अल्बम म्हणून गिनीज बुकात नोंद झाली आणि 'व्हर्च्युअल इन्सॅनिटी' या गाण्याला १९९८मध्ये ग्रॅमी मिळालं. जोडी किंवा समूहाच्या गायनासाठी जे ग्रॅमी देतात, ते. हा 'समूह' शब्द लक्षात ठेवावा, कारण माझं सगळं म्हणणं त्याच्याभोवती आहे.

माझं म्हणणं असं: ज्या संगीतात ठेका हाच गाण्याचा जीव असतो, तिथं तो घडवणारा बेसवादक (खालच्या सुरांची गिटार वाजवणारा) किंवा ड्रमवादक हा गाण्याचा सहरचनाकार आहे. त्याचं नाव तसं लागलं पाहिजे आणि पैसाही तसाच मिळाला पाहिजे. आज बहुतेक ठिकाणी तसं होत नाही. शब्द आणि सुरावट लिहिणारा मालक ठरतो, बाकीचे साथीला बसलेले. ही वाटणी ज्या काळात ठरली त्या काळात गाणं छापील कागदावर विकलं जायचं. तो काळ जाऊन शंभर वर्षं होत आली, वाटणी मात्र तिथंच आहे.

'व्हर्च्युअल इन्सॅनिटी' चांगल्या हेडफोनवर ऐकून बघा. सुरुवातीला टोबी स्मिथचा पियानो आणि गायक जे के याचा आवाज. स्वर एकेक पायरी उतरत जातात आणि गाणं उदास होणार असं वाटायला लागतं. मग डेरिक मॅकेन्झीचे ड्रम्स आणि स्टुअर्ट झेंडरचा बेस शिरतात आणि त्याच स्वरांचा अर्थ बदलतो. बेस प्रत्येक मात्रेवर पाय ठेवत नाही. तो मध्येच थांबतो, मात्रेच्या किंचित आधी किंवा नंतर येतो, दोन वाक्यांच्या मधली मोकळी जागा भरतो आणि पुढची मुद्दाम रिकामी सोडतो. उदास पियानोवर माणसं नाचू लागतात ती या रिकाम्या जागांमुळे. 'कॉस्मिक गर्ल'मध्ये हाच बेस डिस्कोच्या सरळ ठेक्यावर धावतो, 'ऑलराइट'मध्ये गाण्याची ओळखच होऊन बसतो. या तिन्ही गाण्यांतून गायकाचा आवाज काढून टाकला तरी ऐकणारा गाणं ओळखेल. बेस आणि ड्रम्स काढले तर शब्द आणि सूर शिल्लक राहतील, पण ज्यासाठी ८० लाख लोकांनी पैसे मोजले ती गोष्ट राहणार नाही. ढोलकी काढून घेतलेली लावणी वाचता येईल, बघायला कोण जाईल?

त्या वेळी झेंडर २२ वर्षांचा होता. हा उल्लेख कौतुकासाठी नाही. ज्या वयात माणूस करारातली बारीक अक्षरं वाचत नाही आणि वाचली तरी समजत नाहीत, त्या वयात तो वाजवत होता. लोकप्रिय संगीतातले बहुतेक ठेके याच वयाच्या पोरांनी घडवलेले आहेत.

जमिरोक्वायची रचना आधीपासून एका माणसाभोवती होती. सोनीबरोबरचा आठ अल्बमांचा करार जे के याच्या एकट्याच्या नावावर झाला होता. सहकाऱ्यांना त्यांच्या योगदानाप्रमाणे रॉयल्टीत वाटा मिळणार होता. यात बेकायदेशीर काही नाही, आणि त्या काळच्या मानानं ही व्यवस्था अनेकांपेक्षा बरीच म्हणायची. पण 'योगदानाप्रमाणे' हे मोजणार कोण आणि कशानं? तिथं येऊन सगळी बँडं अडखळतात. पुढं व्हिडिओनं उरलंसुरलं काम केलं. जोनाथन ग्लेझरनं दिग्दर्शित केलेल्या 'व्हर्च्युअल इन्सॅनिटी'च्या व्हिडिओला १९९७मध्ये एमटीव्हीचे चार पुरस्कार मिळाले, वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओचा धरून. पांढऱ्या खोलीत मोठी टोपी घातलेला जे के जवळपास सगळा वेळ एकटा नाचतो. जमीन सरकते आहे असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात भिंती चाकांवर होत्या. व्हिडिओ अप्रतिम आहे, आजही बघताना थक्क व्हायला होतं. पण त्या चार मिनिटांनी कोट्यवधी लोकांच्या डोक्यात पक्कं केलं की जमिरोक्वाय हे एका माणसाचं नाव आहे. ग्रॅमी समूहाला मिळालं, चेहरा एकच राहिला.

१९९८मध्ये, चौथ्या अल्बमचं काम चालू असताना, झेंडर बाहेर पडला. त्यांच्यात नेमकं काय झालं याचा निवाडा बाहेरच्यानं करू नये, मी करत नाही. पण पुढं जे झाल्याचं सांगितलं जातं ते फार बोलकं आहे. त्याच्या सहभागानं तयार झालेली गाणी कायदेशीर भानगड नको म्हणून बाजूला ठेवली गेली आणि १९९९चा 'सिंक्रोनाइज्ड' नव्या बेसवादकाला घेऊन केला गेला. बेस म्हणजे नुसती साथ असती तर हे करायची गरज काय होती? त्याचा ट्रॅक पुसायचा, दुसऱ्याकडून वाजवून घ्यायचा, काम झालं. गाणीच बाजूला ठेवावी लागतात तेव्हा वादक रचनेच्या आत शिरलेला असतो, हे सगळ्या संबंधितांना कळत असतं. फक्त कागदावर लिहिलेलं नसतं.

ॲसिड जॅझच्या बाबतीत ही गोष्ट मला जास्तच खुपते, कारण ही सगळी चळवळ उभी राहिली तीच विसरलेल्या वादकांच्या खांद्यावर. १९८०च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या क्लबांमध्ये जाईल्स पीटरसनसारखे डीजे जुन्या फंक आणि जॅझच्या तबकड्या शोधून वाजवत होते. कॅम्डनच्या डिंगवॉल्समध्ये रविवारी दुपारी पोरं त्यावर नाचायची. पीटरसन आणि एडी पिलर यांनी १९८७मध्ये ॲसिड जॅझ रेकॉर्ड्स ही कंपनी काढली आणि जमिरोक्वायचं पहिलं सिंगल १९९२मध्ये तिनंच आणलं. त्या डीजेंना जुन्या तबकडीत काय हवं असायचं? बहुतेक वेळा गायक नाही. मधल्या चार-आठ मात्रांचे उघडे ड्रम्स, ऑर्गनचा एखादा तुकडा, बेसची एक ओळ. पंचवीस वर्षांनी नव्या शहरात माणसं ज्या गोष्टीवर वेडी झाली, ती करणाऱ्याचं नाव कित्येक मुखपृष्ठांवर नव्हतंच.

मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीनं १९६०चं दशकभर आपल्या वादकांची नावं छापली नाहीत. जेम्स जेमरसन या बेसवादकानं घडवलेल्या ओळींवर अर्धी अमेरिका गुणगुणत होती आणि तो कोण हे जवळपास कुणालाच माहीत नव्हतं. १९७१मध्ये मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'च्या वेष्टणावर त्याचं नाव पहिल्यांदा आदरानं छापलं गेलं. क्लाइड स्टबलफील्डचं त्याहून वाईट. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मध्ये त्यानं वाजवलेला ठेका हजाराहून अधिक गाण्यांत उचलला गेला. रचनाकार म्हणून नाव एकट्या ब्राउनचं. गाण्याचं नावच 'फंकी ड्रमर' आणि ड्रमवादकाला रचनेत वाटा नाही! २०१७मध्ये वारण्याआधी स्टबलफील्डनं मुलाखतींमधून बोलून दाखवलं होतं की निदान नावानं श्रेय तरी द्यायला हवं होतं.

आणि ग्रेगरी कोलमन. १९६९मध्ये द विन्स्टन्स या बँडच्या 'आमेन, ब्रदर'मध्ये, म्हणजे तबकडीच्या मागच्या बाजूच्या गाण्यात, त्यानं सहा-सात सेकंद एकट्यानं ड्रम्स वाजवले. त्या सहा-सात सेकंदांवर ब्रिटनमध्ये 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' ही नृत्यसंगीताची दोन अख्खी घराणी उभी आहेत. जमिरोक्वायनंसुद्धा १९९६मध्ये एम-बीट या जंगल निर्मात्याबरोबर एक गाणं केलं, तेही याच वातावरणातून आलं. कोलमन २००६मध्ये बेघर अवस्थेत गेला. बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्याकडे हक्क होते, त्यांनाही रॉयल्टी म्हणून काही मिळालं नाही. २०१५मध्ये दोन ब्रिटिश डीजेंनी वर्गणी काढून त्यांना सुमारे २४,००० पौंड दिले. ती चांगुलपणाची गोष्ट आहे आणि मला त्या डीजेंचा आदर वाटतो. पण ज्याच्या कामावर एक उद्योग उभा राहिला त्या बँडला वर्गणीवर विसंबावं लागणं ही व्यवस्थेची शरम आहे. कोलमन तर ती वर्गणी बघायलाही नव्हता.

कायदा असा का वागतो? गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रचना, दुसरी ध्वनिमुद्रण. रचनेचे पैसे आयुष्यभर आणि मृत्यूनंतरही येत राहतात. ध्वनिमुद्रणात बोलावलेल्या वादकाला त्या दिवसाचा मेहनताना मिळतो आणि बहुतेकदा विषय संपतो. त्यामुळे 'रचना' कशाला म्हणायचं यावर सगळं येऊन ठेपतं, आणि परंपरेनं त्याचं उत्तर आहे, शब्द आणि गायची सुरावट. अमेरिकेत १९७८पूर्वीच्या गाण्यांची तर आणखी अडचण. त्या वेळी सरकारदरबारी जी स्वरलिपी जमा केली असेल तेवढीच रचना. मार्विन गेच्या १९७३च्या 'लेट्स गेट इट ऑन'वरून एड शीरनवर खटला झाला, तेव्हा अमेरिकेच्या अपील न्यायालयानं नोव्हेंबर २०२४मध्ये हेच धरलं. जमा केलेल्या कागदावर बेसची ओळ नव्हती, मग तिला संरक्षण नाही. शीरन त्या खटल्यात जिंकला ते योग्यच झालं, चार साध्या स्वरसंगतींवर कुणाची मक्तेदारी असू नये. पण त्यामागचा नियम बघा. जगानं ऐकलेली तबकडी आहे, त्यात बेस वाजतो आहे, आणि कायद्याच्या दृष्टीनं तो नाही.

ब्रिटनमध्ये एकदा वेगळं घडलं. प्रोकोल हारम या बँडच्या १९६७च्या 'अ व्हायटर शेड ऑफ पेल'मधला ऑर्गन मॅथ्यू फिशरनं रचला आणि वाजवला. ते गाणं कुणालाही आठवायला सांगा, आधी ऑर्गन आठवेल. त्यानं २००५मध्ये दावा लावला. उच्च न्यायालयानं संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा दिला, अपिलात पैशांचा हक्क गेला आणि २००९मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, तो परत दिला. आधीच्या चाळीसेक वर्षांचे पैसे मात्र बुडाले ते बुडालेच. वादकाचा भाग ठळक आणि मूळ असेल तर तो रचनाकार, हे तत्त्व त्या निकालानं मान्य केलं. पण मिळवण्यासाठी चार वर्षं कोर्टात जावं लागतं आणि आयुष्यभराची मैत्री मोडते. किती वादकांना ते परवडेल?

यावर गंभीर आक्षेप आहेत आणि ते टाळून चालणार नाही. पहिला म्हणजे 'ब्लर्ड लाइन्स'. २०१५मध्ये ज्युरीनं ठरवलं की त्या गाण्यानं मार्विन गेच्या दुसऱ्या एका गाण्याची उचल केली, आणि २०१८मध्ये वरच्या न्यायालयानं तो निकाल बहुतांशी कायम ठेवला. दोनशेहून अधिक संगीतकारांनी त्याविरुद्ध न्यायालयात निवेदन दिलं होतं. त्यांची भीती खरी आहे. ठेक्याला मालकी दिली तर पुढच्या पिढीनं वाजवायचं काय? ॲसिड जॅझ तर जुन्या ठेक्यांशिवाय जन्मलंच नसतं. पण मी दुसऱ्यांना रोखायचा हक्क मागत नाही. एका गाण्यातून जे पैसे येतात त्यांची आतल्या आत वाटणी कशी व्हावी, एवढंच मागतो आहे. झेंडरचा बेस ऐकून उद्या पुण्यातली एखादी पोरगी तशाच बाजानं वाजवू लागली तर तिनं कुणाला एक रुपया देऊ नये. 'कॉस्मिक गर्ल'च्या प्रत्येक प्रक्षेपणातून मात्र ते गाणं घडवणाऱ्या प्रत्येकाला वाटा जावा. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि ते एकत्र केल्यामुळे वादकांचं नुकसान होतं.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोक घेतात. वादकाला ठरलेले पैसे मिळाले, त्यानं जोखीम घेतली नाही, मग नफ्यात वाटा कशाला? सांगितलेले सूर वाचून तीन तासांत वाजवून जाणाऱ्या वादकाबाबत मला हे बऱ्याच अंशी मान्य आहे. व्हायोलिनच्या ताफ्यातल्या बाराव्या माणसानं गाणं रचलेलं नसतं. पण बँडमध्ये महिनोन्महिने एकत्र बसून, एकाच वळणाभोवती शंभरदा फिरून जे गाणं तयार होतं, तिथं जोखीम सगळ्यांनी घेतलेली असते. वयाची विशी दिलेली असते. आणि हे जमतं हे दाखवणारी उदाहरणंही आहेत. आरईएमनं आपली गाणी चौघांच्या नावावर ठेवली, यू२नं संगीताचं श्रेय पूर्ण बँडला दिलं. दोन्ही बँडं दशकानुदशकं टिकली. एकमेकांच्या वाट्यावरून त्यांना भांडावं लागलं नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण आहे असं मला ठामपणे वाटतं.

स्ट्रीमिंगनं प्रश्न आणखी बिकट केला. ब्रिटनमध्ये रेडिओवर गाणं वाजलं तर ध्वनिमुद्रणाच्या पैशांतला अर्धा वाटा कलाकारांना जातो आणि त्यात बोलावलेले वादकही येतात. तेच गाणं ॲपवर वाजलं तर त्या वादकाला काहीच नाही, कारण तो हक्क त्यानं ठरावीक मेहनतान्याच्या बदल्यात कधीच देऊन टाकलेला असतो. ऐकणारा तोच, गाणं तेच. ब्रिटिश संसदेच्या समितीनं जुलै २०२१च्या अहवालात रेडिओसारखाच न्याय्य मोबदला स्ट्रीमिंगलाही लावा अशी शिफारस केली. कायदा बदलला नाही. स्पेनमध्ये मात्र कलाकाराला सोडून देता न येणारा असा हक्क आहे, आणि त्यामुळे तिथला संगीतव्यवसाय काही बुडालेला नाही.

आपल्याकडे बोट वळवायला हवंच, कारण मुंबईत हीच गोष्ट जॅझच्याच माणसांबाबत घडली. गोव्याचे वादक मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवत होते आणि तिथून ते चित्रपटसंगीतात आले. सी. रामचंद्रांच्या १९५१च्या 'अलबेला'त जी पाश्चात्त्य धमाल आहे तिच्यामागे चिक चॉकलेट, म्हणजे ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ, यांचा मोठा हात होता. शंकर-जयकिशनच्या वाद्यवृंदाला सेबॅस्टियन डिसूझांनी घाट दिला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचं नाव घराघरांत पोचलं ते १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळे, शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला दिलेली ती मानवंदना. इतका मोठा संगीत संयोजक (वाद्यांचे भाग लिहिणारा) लोकांना माहीत झाला तो एका विनोदी प्रसंगातल्या पात्राचं नाव म्हणून. पडद्यावर संयोजकांची नावं आलीच तर सहायक म्हणून यायची, वादकांची तर नाहीच. गाण्याची सुरुवात वाजली की आपल्या अंगावर काटा येतो, ती सुरुवात कित्येकदा या माणसांनी लिहिलेली असते.

२०१२च्या दुरुस्तीनं आपल्या कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा न सोडता येणारा हक्क मिळाला, कलाकारांनाही हक्क मिळाले. मोठा लढा होता तो, आणि त्याचं मोल कमी नाही. पण त्याच दुरुस्तीत 'कलाकार' या संज्ञेला एक परंतुक जोडलं गेलं. चित्रपटात ज्याचा सहभाग प्रासंगिक आहे आणि उद्योगाच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो कलाकार मानला जाणार नाही. त्याच्या सादरीकरणाची मोडतोड झाली तर तक्रार करायचा एक हक्क तेवढा शाबूत. यातला 'रिवाज' घातक आहे. ज्या उद्योगानं पन्नास वर्षं वादकांची नावं छापली नाहीत, त्याच्या न छापण्यालाच कायद्यानं आधार दिला. सहभाग प्रासंगिक होता की नाही हे ठरवायची वेळ आली की नाव नसणं हा वादकाविरुद्धचा पुरावा होतो.

म्हणून पहिलं काम कायद्याचं आहे. ते परंतुक रद्द करावं किंवा निदान त्यातला रिवाजाचा आधार काढावा, आणि स्ट्रीमिंगच्या पैशांत वादकाला सोडता न येणारा वाटा ठेवावा. दुसरं काम बँडांचं आणि संगीतकारांचं, आणि त्यासाठी संसदेची वाट बघायचं कारण नाही. गाणं मुद्रित झालं त्याच दिवशी, स्टुडिओतून बाहेर पडण्याआधी, कुणाचा किती वाटा हे एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. बेसची ओळ गाण्याची ओळख असेल तर ती वाजवणाऱ्याचं नाव रचनेत लिहावं. हे गाणं गाजण्याआधी करायचं. गाजल्यावर प्रत्येकाची आठवण वेगळी होते. तिसरं काम ॲपवाल्यांचं. गाण्याच्या माहितीत वादकांची नावं वाद्यांसकट भरल्याशिवाय गाणं चढवताच येऊ नये. ज्या यंत्रणेला माझ्या आवडीचं पुढचं गाणं कळतं, तिला ड्रम्स कुणी वाजवले हे नोंदवणं जड नाही. पुणे-मुंबई-पणजीतल्या वादकांच्या संघटनांनी वाटणीच्या कागदाचा मराठीत आणि कोकणीत सोपा नमुना तयार करून सगळ्या स्टुडिओंमध्ये ठेवला, तर सुरुवात याच महिन्यात होऊ शकते.